होडीचं नाव स्टिंग रे

तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या होड्यांची नावं वाचत चाललात तर देवदर्शन फुकटात होतं. देवाचं नाव, देवीचं नाव, मग कुळपुरुषाचं, आणि काहीच सुचलं नाही तर धाकट्या मुलीचं. त्यात मधेच एक होडी दिसेल, तिच्यावर निळ्या अक्षरांत ‘स्टिंग रे’ लिहिलेलं आहे. ती माझी. हे नाव बदल म्हणून निम्म्या गावाने मला सांगून झालं, उरलेल्या निम्म्याने माझ्या बायकोला. मी कोणाचं ऐकलं नाही. नाव ठेवलं ते विचार करून ठेवलं, आणि विचार करायला मला मस्कतच्या गॅरेजमध्ये एकोणीस वर्षं मिळाली होती.

गावाला मी भीक घातली नाही, पण एक माणूस असा होता की त्याच्याशिवाय ही होडी पाण्यात जाणार नव्हती. आमच्याकडे नवी होडी उतरवायची तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा आणि पहिला पाय होडीत टाकायचा. मग बाकीच्यांनी. इंजिन कितीही भारी असो, परवाना हातात असो, तो पहिला पाय पडल्याशिवाय आमचा माणूस होडी ढकलायला खांदा लावत नाही. आमच्या घरात मोठे म्हणजे माझे वडील. वय सत्त्याहत्तर, उजवा पाय अधू. आणि तो पाय अधू झाला त्यालाही हेच नाव कारण, आणि मीही.

आधी नावाचं सांगतो, कारण लोकांना वाटतं मी इंग्रजी मिरवायला ते रंगवलं. स्टिंग रे हे एका जुन्या अमेरिकन गाडीचं नाव. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची गाडी. तिच्या घराण्याचं नाव कॉर्व्हेट. कॉर्व्हेट म्हणजे छोटं, चपळ लढाऊ जहाज. आपल्याकडे गलबत म्हणायचे त्यातलाच प्रकार समजा. सिंधुदुर्ग किल्ला समोर बघत वाढलेल्या माणसाने मोटारीचं काम शिकायला परमुलखात जावं आणि तिथे पहिलीच गाडी गलबताच्या नावाची निघावी, याला योगायोग म्हणतात. पण गंमत पुढे आहे. त्या घराण्यातल्या या मॉडेलला नाव दिलं माशाचं.

ती कथा मला गॅरेजच्या फोरमनने सांगितली. हा लेबनॉनकडचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याला आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. त्याच्या सांगण्याप्रमाणे, त्या कंपनीने एकदा जाहीर करून टाकलं की आम्ही आता शर्यतीत उतरणार नाही. गाड्यांचे आकार ठरवणारा जो मुख्य माणूस होता त्याला हे पटेना. त्याने कंपनीकडची शर्यतीची एक चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मिळवला, स्वतःच्या हिमतीवर तिच्यावर नवी बॉडी चढवली आणि गाडी शर्यतीत पळवली. अंगावर कंपनीचं नाव लावायची सोय नव्हती. मग काय लावायचं? या माणसाला खोल समुद्रात जाऊन मासे धरायचा नाद. त्याने माशाचं नाव लावलं. गाडी अशी पळाली की चार वर्षांनी, साठच्या दशकात, रस्त्यावरची गाडी निघाली तेव्हा कंपनीने तोच आकार आणि तेच नाव घेतलं. आधी बंदी, मग बारसं! मला ही गोष्ट ऐकल्याबरोबर आवडली. सांगितलेलं न ऐकणाऱ्या माणसाचं नाव आहे ते.

आता मासा. स्टिंग रे म्हणजे आमची वागळी. वरती मुंबईकडे तिला पाकट म्हणतात. भाकरीसारखी चपटी, तळाच्या वाळूत अंग पुरून बसते, आणि पोहायला लागली की कडा अशा हलतात की बघतच राहावं. मागे लांब शेपटी. त्या शेपटीवर करवतीसारखा दातेरी काटा, आणि त्याला विष. मासा मेला तरी काटा मरत नाही. म्हणून आमच्या रापणीत एक शिस्त आहे. वागळी आली की आधी शेपटी. कोयतीने मुळापासून छाटायची, कोरड्या वाळूत हातभर खड्डा करून काट्यासकट पुरायची, मगच माशाला हात लावायचा. ‘आदी शेपटी, मगे मासो,’ हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवतात.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते दर्यात गोल सोडून यायचं, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी दोर धरून पाठमोरं चालत ओढायचं. पाठमोरं हे लक्षात ठेवा. नजर दर्यावर, पावलं मागे. मागे काय आहे ते ओढणारा बघत नाही, कारण मागची वाळू साफ ठेवणं हे दुसऱ्या कोणाचं तरी काम असतं. आमच्या रापणीत ते काम माझं होतं. माझा हात चलाख, म्हणून कोयती माझ्याकडे.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, आयटीआय केलेला, आणि आदल्याच दिवशी मस्कतचा व्हिसा आलेला. त्या सकाळी माझे पाय वाळूला लागत नव्हते. जाळ्याच्या कडेला अडकून एक वागळी आधीच वर आली, चांगली परातीएवढी. मी ती सोडवली, ओल्या वाळूवर ओढून ठेवली आणि म्हटलं, छाटतो मग. कोयती कमरेलाच होती. पण कोणीतरी विचारलं, पगार किती रे, आणि मी सांगत बसलो. लाट आली, वाळू घेऊन आली, वागळी अर्धी झाकली गेली. बाबा दोराच्या टोकाला होते. ते मागे मागे येत होते. मी त्यांची पाठ बघत होतो आणि मस्कतचं सांगत होतो.

पाय पडला तशी शेपटी फिरली आणि काटा टाचेच्या वर शिरेत घुसला. बाबा ओरडले, पण दुसऱ्याने येऊन दोर धरीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. काटा आत मोडला होता. डॉक्टरांनी तो काढला, जखम पुढे भरलीही, पण पाऊल उचललं जाईना. आजही ते पाऊल वाळूवर रेघ ओढत चालतं. बाबा पुन्हा रापणीला गेले नाहीत.

मला कोणी बोललं नाही. रापणकर म्हणाले, लाट इली. बाबाही म्हणाले, लाट इली. कोणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. दीड महिन्याने मी निघालो तेव्हा बाबा काठी टेकत मालवणच्या एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले. मी खिडकीतून त्यांच्या पायाकडे बघितलं नाही. आमच्या घरात त्या दिवसापासून त्या माशाचं नाव कोणी घेत नाही. मासळी बाजारात दिसली तरी आमची माणसं ‘ती’ म्हणतात आणि पुढे जातात.

मस्कतला पहिल्याच दिवशी उस्तादने एका गाडीवरचं कापड ओढून काढलं. चंदेरी रंग, चाकांवर उंचावलेल्या धारदार कडा, मागे निमुळतं होत गेलेलं छप्पर. मागच्या बाजूला अक्षरं होती, ती मी वाचली. आयटीआयच्या इंग्रजीत ‘स्टिंग रे’चा अर्थ नव्हता. मी विचारलं, म्हणजे काय? उस्तादने पंजा आडवा धरला आणि कडा हलवत हवेतून पोहवत नेला. मला समजलं. मी गाडीवरचा हात मागे घेतला आणि म्हटलं, मला दुसरी गाडी द्या. तो म्हणाला, इथे दुसरी नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला मी. आठवडाभर त्या गाडीकडे पाठ करून साफसफाई केली. मग एक दिवस बॉनेट उघडलं, आणि पुढची दोन वर्षं त्यातून डोकं बाहेर काढलं नाही. त्या गाडीने मला माणसात आणलं. कार्ब्युरेटर कानाने लावायला तिच्यावर शिकलो. फायबरची बॉडी कशी भरायची, कशी घासायची, तेही तिच्यावरच, कारण ती गाडी पत्र्याची नव्हतीच, फायबरची होती. पुढे त्या जातीच्या गाड्या कुठून कुठून आमच्याकडे यायला लागल्या. माझ्या हाताला नाव मिळालं. गावच्या घराचा चिरा, बायकोचं मंगळसूत्र, मुलीचं कॉलेज, सगळं त्या माशाच्या पाठीवरून आलं. आणि मी स्वतःची समजूत घातली की आपला हिशेब आता माशाशी नाही, गाडीशी आहे. स्टिंग रे वेगळी आणि वागळी वेगळी.

तीन वर्षांपूर्वी मी कायमचा परत आलो. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला फायबरची होडी घ्यायची ठरवली. जुना सांगाडा मिळाला, तो घराच्या मागे माडांखाली ताडपत्रीत ठेवून मी एकट्याने नवा केला. या किनाऱ्यावर फायबरला माझ्याइतका हात कोणाचा नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. बाबा रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे, होडीच्या अंगावरून तळवा फिरवायचे आणि जायचे. एकदा म्हणाले, “गुळगुळीत केलंस रे.” आमच्या घरात याच्यावर कौतुक नाही.

गणपती गेले की हंगाम सुरू होतो. होडी उतरवायच्या दोन दिवस आधी मी नाव रंगवलं. बायको भिजवलेल्या डाळीचं पातेलं घेऊन बाहेर आली, वाचलं आणि तिथेच थांबली. तिला सगळी हकीकत ठाऊक होती.

“ह्या नाव कित्याक घातल्यात?”

“गाडयेचा नाव ता. तुका सांगलंय नाय?”

“गाडी तुमका दिसता,” ती म्हणाली. “बाबांका मासोच दिसतलो.”

मी तिला गप्प केलं, आणि वर आणखी शहाणपणा केला. हात दाखवून अवलक्षण. त्या गाडीवर माशाचं चित्र कुठेच नव्हतं, नुसती अक्षरं होती. पण मला वाटलं, पर्यटकाला अर्थ कळायला हवा. मी नाळीच्या उजव्या बाजूला, अक्षरांच्या पुढे, वागळी काढली. मनापासून काढली. कडांची वळणं, पाठीवरचे ठिपके, डोळे. आणि वीतभर लांब शेपटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने काटा, दाते सुद्धा. रंग वाळल्यावर मी लांब जाऊन बघितलं आणि खूश झालो. इतका खूश की बाबा मागे येऊन उभे आहेत हे मला कळलं नाही.

ते बघत राहिले. होडीवर तळवा फिरवला नाही. वळले आणि वाळूवर रेघ ओढत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांच्यासमोर पडवीत बसलो आणि गाडीची कथा सांगायला लागलो. कॉर्व्हेट म्हणजे गलबत, शर्यतीची बंदी, समुद्रावर जाणारा तो माणूस, मस्कत, उस्ताद, सगळं. मी चांगलं सांगतो. बाबा सुपारी कातरत ऐकत होते.

“त्या माणसान कधी वागळी धरल्यान काय रे?” त्यांनी विचारलं. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

“धरल्यान आसतली.”

“मगे तेच्या गाडयेक शेपटी होती?”

“होती. पाठसून निमुळती.”

“आणि काटो?”

“काटो खंयचो बाबा, गाडी ती.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मला तेव्हा कळलं की मी तासभर ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. मला अमेरिकेतल्या माणसाचं सांगायचंच नव्हतं. मला त्या सकाळचं सांगायचं होतं. मी म्हटलं, “बाबा, त्या दिसा मी...”

“नारळ तूच फोड,” बाबा म्हणाले आणि आत गेले.

मी तिथेच बसून राहिलो. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलाने नारळ फोडला तर बापाने त्याच्यावरचा हात काढून घेतला असा अर्थ होतो, हे मालवणच्या माणसाला सांगावं लागत नाही. होडी उद्या पाण्यात जाईल की नाही, याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. बावीस वर्षं जे कोणी बोललं नव्हतं ते बाबांनी आता बोलून दाखवलं, असं मला वाटलं, आणि मी रडलो. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, दिवसाढवळ्या.

सकाळी ओहोटी संपायच्या आत आठ-दहा माणसं जमली, ओंडके लावून होडी ओल्या वाळूपर्यंत आणली. बायकोने नारळ, हळदकुंकू, फुलं ताटात मांडून आणली. बाबा आले नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. मी घरात जाऊन रंग खरवडायची पट्टी आणली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा हट्ट सोडायला निघालो होतो. अमेरिकेतल्या त्या माणसाचं नाव त्याच्यापाशी राहो, मला माझा बाप हवा होता. मी पट्टी पहिल्या अक्षरावर ठेवली.

“नाव कित्याक पुसतंस?”

बाबा पलीकडे उभे होते. अंगात धुतलेला सदरा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कोयती. ती मी ओळखली. मूठ काळी पडलेली, माझ्याच कमरेला असायची ती. मला वाटत होतं ती त्या दिवशी दर्यात गेली. ती घरात वाशाला खोचलेली होती, आणि तिची धार ताजी होती. काल दुपारी, बाबा आत गेल्यावर, घरामागून दगडावर घासल्याचा आवाज मी ऐकला होता, पण तो बायकोच्या विळीचा असेल असं समजलो होतो.

“नाव ऱ्हवां दे,” बाबा म्हणाले. “बरा नाव आसा. पोटाक घातल्यान ता.” मग त्यांनी कोयती उलटी करून मूठ माझ्याकडे केली. “पण आदी शेपटी. त्या दिसाचा काम तुजा ऱ्हवला हा.”

जमलेल्यांत रापणीचे दोघे म्हातारे होते. त्यांनी माना खाली घातल्या.

मी कोयती घेतली. चित्रातल्या माशाची शेपटी जिथे सुरू होते तिथून, मुळापासून, मी खरवडायला सुरुवात केली. तीन हात दिलेला रंग, सहज निघेना. फायबरवर ओरखडे उठले. एरवी तसला ओरखडा कोणी पाडला असता तर मी त्याच्या घरी भांडायला गेलो असतो. शेपटी गेली, काटा गेला. निळ्या-पांढऱ्या कपच्या बाबांनी एकही खाली न पडू देता तळहातावर झेलल्या. मग त्यांनी काठीने कोरडी वाळू दाखवली. मी गुडघ्यांवर बसून हातभर खड्डा केला. त्यांनी कपच्या त्यात टाकल्या. मी वाळू लोटली आणि वर दाबली, शिकवली होती तशी.

“झाला?” त्यांनी विचारलं.

“झाला.”

त्यांनी नारळ घेतला. एका दणक्यात नाळीवर फोडला, पाणी माशावरून ओघळलं. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली, माझ्या खांद्याला अंग टेकलं आणि डावा चांगला पाय वाळूवर रोवून, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून होडीत ठेवला. तो आधी.

“आता खंयय पाय ठेवूक हरकत नाय,” ते म्हणाले.